चवथीच्या भेटी: घरात पसारा न वाढवता द्यायच्या कशा?

‘एक वस्तू घरात आली की एक बाहेर काढा’ हा सल्ला फ्लॅटमधल्या चौकोनी कुटुंबापुरता ठीक आहे. गोव्यातल्या मूळ घरात तो चालत नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तिथं भावाभावांचे संसार एकत्र येतात, प्रत्येकजण सगळ्यांसाठी काही ना काही आणतो आणि आणलेलं काढून टाकायचा अधिकार कुणा एकाचा नसतो. मग डिनर सेट, भिंतीवरची घड्याळं, पर्स सगळं माळ्यावर जातं. आपल्याकडच्या पावसात पुढच्या चवथीपर्यंत पर्सला बुरशी आणि खोक्याला वाळवी लागते. म्हणून जे करायचं ते वस्तू दारात येण्याआधी.

सुरुवात मे महिन्यात करा. सुट्टीला सगळे गावी असतात, आणि भेट द्यायची आमसुलं, बिंबलं पावसाआधीच्या उन्हात सुकवायला अजून वेळ असतो. चवथीच्या आठवड्यात विषय काढून उपयोग नाही, तोवर म्हापशाच्या बाजारात खरेदी उरकलेली असते.

कोण कुणाला काय देतं, याची यादी करा. एक पान पुरतं.

आता अवघड भाग: वडीलधाऱ्यांशी बोलणं. याच टप्प्यानं मला वर्षानुवर्षं दमवलं, म्हणून सविस्तर सांगते. ‘यंदा काही आणू नका’ हे वाक्य तोंडातून काढूच नका. आत्याला त्यात ‘तुझं काही नको’ एवढंच ऐकू येतं आणि ती दुप्पट घेऊन येते. त्यापेक्षा मागा, आणि नेमकं मागा: ‘आत्या, तुझ्या झाडाची आमसुलं मला वर्षभराची पाहिजेत, बाजारातली नकोत.’ हक्कानं मागितलेलं द्यायला माणसं आनंदानं राबतात. नुसतं ‘काहीतरी खायचं आण’ म्हटलंत, तर प्लॅस्टिकच्या ट्रेमधली मिठाई येते.

बोलायचं कुणी, हेही ठरवून घ्या. आपापल्या माणसांशी आपणच बोलावं. मुलानं आपल्या आईशी, मुलीनं आपल्या आईशी. बायकोला पुढं करून नवरा सोप्यावर पेपर वाचत बसला, की पुढची कित्येक वर्षं ‘सून आली आणि रीत मोडली’ हे ऐकावं लागतं, तेही तिलाच.

वज्याचं प्रकरण याहून नाजूक. लग्न झालेल्या लेकीच्या सासरी चवथीला गोडधोड, फळं, नारळ पाठवायची रीत आहे आणि ते गोड पुढं शेजारीपाजारी वाटलं जातं. रीत चांगली आहे. तिच्यात भांडी, कपडे, शोभेच्या वस्तू शिरल्या तिथं बिघडलं. पण कमी करायचं माहेरानं ठरवलं तर ‘हात आखडला’ म्हणून बोट दाखवलं जातं. म्हणून हा फोन मुलाच्या आईनंच करायचा, स्वतःहून, विहिणीला: ‘विहीणबाई, आमच्या वाड्यावर अठरा घरं आहेत. घरामागं पाच नेवऱ्या (करंज्या) आणि दोन लाडू पुरेत. देवापुढं ठेवायला पाच नारळ आणा. वस्तू एकही नको, आणि हे मी सगळ्यांना सांगितलंय.’ शेवटचं वाक्य गाळू नका, त्यानं माहेरची लाज राखली जाते. आकडा तर सांगायलाच हवा. ‘थोडंसंच पाठवा’ म्हटलं की समोरची बाई धास्तीनं जास्तच करते. मुलाची आई तयार नसेल तर तिला तयार करणं मुलाचं काम. ते माहेरावर ढकलणं मला अजिबात मान्य नाही.

एवढं जमलं की काय द्यायचं हे सोपं आहे. संपणारं द्या: काणकोणची खोला मिरची, काजूगर, उकडे तांदूळ. मुलांना पोहायच्या वर्गाची फी. आजीआजोबांना फोंड्याच्या देवळांची दिवसभराची फेरी, तारीख ठरवूनच. ‘कधीतरी नेतो’ हे देणं नव्हे.

माझं सगळ्यात आवडतं देणं मात्र माटोळीचं. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या त्या लाकडी चौकटीसाठी प्रत्येक कुटुंबाला एकेक गोष्ट नेमून द्या: कुणी सुपारीचा घोस, कुणी तोरिंजन, कुणी चिबूड, कुणी माळकांगोणीचे घोस. आजोबांबरोबर रानात गेलेलं पोर केवणीच्या सालीची दोरी ओली असतानाच वळायला शिकतं, आपलं फळ स्वतः बांधतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मान वर करून दाखवतं. विसर्जनानंतर माळ्यावर चढवायला काहीच उरत नाही. घोस तेवढा कोयत्यानं कापा, वेल मुळासकट ओढू नका. आणि माटोळीतलं प्रत्येक रानफळ खायचं नसतं, हे मुलांना आधीच बजावा.

गुंडाळायला वर्तमानपत्र आणि सुतळी. खाऊ डब्यात द्या आणि डबा बिनदिक्कत परत मागा. नाताळात शेजारून दोदोल-बेबिंका अशा गोडाचं ताट येतं, तेही आपण परत करतोच, आणि रिकामं कधीच नाही.

तरीही कुणी वस्तू आणलीच, तर प्रेमानं घ्या. चवथ उरकल्यावर आठवड्याच्या आत ती ज्याला उपयोगी पडेल त्याच्याकडे पोचवा, आणि आणणाऱ्याचं नाव पुढच्या मे महिन्यातल्या यादीत सगळ्यात वर लिहा.