मागचे ब्रेक शू बदलताना स्प्रिंगकडे आधी बघा

आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड पुरा करून मी तुर्भ्याला एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागलो. ड्रम ब्रेकची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबून गाडी थांबवणाऱ्या ब्रेकची, आकृती तोंडपाठ होती. पहिल्यांदा पिकअपचा मागचा ड्रम उतरवला आणि आतल्या स्प्रिंगांचा गुंता बघून हात थबकले. कोणती कुठून आली, हेच कळेना. नव्याने या कामात येणाऱ्यांवर तशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या वाशीच्या एपीएमसीत भाजी आणणाऱ्या. जुन्नर, नारायणगावकडून टोमॅटो भरायचे, माळशेज नाहीतर बोरघाट उतरायचा आणि उजाडायच्या आत मार्केट गाठायचं. भरल्या गाडीने लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो. शूवरचं घासणारं लायनर झिजलेलं डोळ्यांना दिसतं. स्प्रिंग मात्र तापून तापून आतून ढिली पडते, आणि तिकडे कुणी बघत नाही.

मीही बघितलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाने फक्त शूचे पैसे दिले, मी नवे शू घालून जुन्याच स्प्रिंगा परत अडकवल्या. दोन दिवसांनी कळंबोलीहून ड्रायव्हरचा फोन आला, डाव्या चाकातून धूर येतोय. शूला मागे ओढणाऱ्या रिटर्न स्प्रिंगमध्ये ताणच उरला नव्हता, त्यामुळे पाय काढला तरी शू ड्रमला घासत राहिला होता. नवं लायनर जळालं, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा रबरी बूटही गेला. चूक माझी होती. स्प्रिंगांचा खर्च शूच्या मानाने अगदी थोडा असतो, गिऱ्हाइकाला तो समजावून सांगणं हेही मेकॅनिकचंच काम. स्प्रिंग निळसर पडली असेल, मोकळी असताना वेटोळ्यांत फट दिसत असेल किंवा टोकाचा आकडा उघडला असेल, तर ती फेकाच. आणि बदलायची तर दोन्ही चाकांची, शूसकट.

आता काम. सपाट जागा, पुढच्या चाकांना ठोकळे, गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही. हँडब्रेक सोडा. ड्रम निघत नसेल तर शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा अॅडजस्टर मागे फिरवून शू आत घ्या. ड्रमला आट्यांची दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट थोडे थोडे आवळत जा, ड्रम आपोआप सुटतो. घण घालू नका.

आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. बहुतेक ठिकाणी उडवतात, मला माहीत आहे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ब्रेक क्लीनर किंवा पाण्याने भिजवून पुसा, तोंडाला मास्क लावा.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तुमचा नकाशा आहे, फक्त आरशातल्यासारखी उलटी. तरीही मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत एका शूचं लायनर आखूड आणि दुसऱ्याचं लांब असतं. तिथे आखूड शू गाडीच्या पुढच्या बाजूला जातो. ड्रम उतरलेला असताना ब्रेकच्या पेडलला कुणाचा पाय लागू देऊ नका, नाहीतर सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील. रबरी बूट हळूच उचलून बघा. आत ऑइल दिसलं तर आधी सिलिंडरचं काम, मग शू.

बॅकप्लेटवर, म्हणजे शूमागच्या पत्र्यावर, शू जिथे टेकतो त्या उंचवट्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या. लायनरला ग्रीसचं बोट लागता कामा नये. शू पिन, स्प्रिंग आणि चकतीने धरून घ्या, मग हँडब्रेकचा लिव्हर, अॅडजस्टर, आणि शेवटी रिटर्न स्प्रिंगा. आकडा ओढायला ब्रेक स्प्रिंगची पक्कड मिळते, ती घ्याच. पेचकसने ओढताना सुटलेली स्प्रिंग सरळ डोळ्यावर येते, म्हणून चष्मा हवाच. डाव्या-उजव्या अॅडजस्टरचे आटे बऱ्याच गाड्यांत उलट असतात. अदलाबदल झाली तर ब्रेक घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जातो.

ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्यापुढे झिजला असेल तर बदला. ड्रम चढवून हाताने फिरवा आणि अगदी हलकी घसट ऐकू येईपर्यंत अॅडजस्टर लावा. दोन्ही बाजू झाल्या की पेडल टणक होईपर्यंत दाबा आणि हँडब्रेक तपासा.

मग गाडी आधी आवारातच सावकाश चालवून दोन-चार वेळा थांबवा. ठीक वाटली तर दोन किलोमीटर फिरवून आणा आणि दोन्ही मागच्या ड्रमांजवळ हात न टेकवता धरून बघा. एका बाजूची धग जास्त लागली, तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, गाडी परत स्टँडवर घ्या.