थायलंडला जाताय? बाथ इथून घेऊ नका

इथे भारतात बाथचा (थायलंडच्या चलनाचा) रेट बहुतेक वेळा महागच पडतो, त्यापेक्षा आठवडाभर आधी दोन-तीन मनी चेंजरना फोन करून "सगळा टॅक्स धरून हातात किती डॉलर पडणार" एवढंच विचारा आणि १०० डॉलरच्या कोऱ्या नोटा घ्या, त्या तिकडे बाथमध्ये बदलायच्या; घडी पडलेल्या किंवा पेनाने लिहिलेल्या अजिबात नको, तिकडे त्या नाकारतात. १०० च्या नोटेला सुट्ट्या नोटांपेक्षा रेटही चांगला मिळतो. मनी चेंजरकडे पासपोर्ट, तिकीट, पॅन न्या; ५० हजारांच्या वर रोख चालत नाही, ट्रान्सफरच करा. बँकॉकला सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात की वरच्या काउंटरवर बदलू नका, खाली ट्रेनपाशी बेसमेंटला जा, तिथे खरंच बराच फरक पडतो.