तेराचा फॅक्टोरियल आणि झिजलेली पट्टी

बारावीच्या बायफोकलला, म्हणजे सायन्सबरोबर घेतात त्या व्यावसायिक विषयाला, कॉम्प्युटर सायन्स शिकवायला लागलात की पहिल्याच आठवड्यात एक मोह होतो. पोराचा प्रोग्राम चालत नाही, ते हात वर करतं, तुम्ही त्याला जरा सरकायला सांगता आणि अर्ध्या मिनिटात विसरलेला सेमिकोलन टाकून मोकळे होता. पोरगं खूश, तुम्हीही खूश. मी पहिली दोन वर्षं हेच केलं. मग प्रॅक्टिकल परीक्षेत तीच पोरं तसल्याच चुकांपाशी अडकली आणि मी बाहेरून आलेल्या परीक्षकांशेजारी नुसता बघत उभा राहिलो. तेव्हापासून लॅबमध्ये मी हात पाठीमागे बांधूनच फिरतो. गंमत नाही, खरंच बांधतो; नाहीतर ते आपोआप कीबोर्डकडे जातात.

जर्नलचं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीचं, दुखणं तुम्हाला लवकरच कळेल. गेल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलवरून यंदाची जर्नलं उतरतात, आउटपुटसकट. फॅक्टोरियलचा प्रोग्राम घ्या, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार. सगळ्यांच्या जर्नलात पाच टाकून १२० आलेलं असतं. मी आठ टाकायला लावतो. आमच्या लॅबमध्ये बरीच वर्षं निळ्या पडद्याचं टर्बो सी++ हे जुनं कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) होतं; नव्या विंडोजवर ते डॉसबॉक्स नावाच्या, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून चालवावं लागतं. त्यात आठचं उत्तर येतं उणे २५२१६. वर्गात एकदम शांतता. गुणाकार सगळे धन आकड्यांचे, मग उणे आलं कुठून? त्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, १६ बिटांचा असतो, ३२७६७ च्या पुढचं त्यात मावत नाही आणि आकडा फिरून उणे बाजूला जातो. हे मी फळ्यावर लिहून सांगायचो तेव्हा कुणाच्या लक्षात राहत नव्हतं.

नवीन कंपायलर आला तेव्हा वाटलं, हा खेळ संपला. तिथे इंट ३२ बिटांचा, बारापर्यंत सगळं बरोबर. पण तेरा टाकलं की १९३२०५३५०४ येतं. उणे नाही, काही नाही, चांगला भारदस्त आकडा. अख्ख्या बॅचने तो जर्नलात उतरवला. एक मुलगी मात्र पेन तोंडात धरून बसली होती. म्हणाली, “सर, गुणाकारात दहा आहे ना? मग शेवटी शून्य का नाही?” खरं उत्तर ६२२७०२०८००, ते ३२ बिटांतही मावत नाही. त्या दिवशी माझा पुढचा तास गेला, पोर्शन मागे पडला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

चॅटजीपीटीवरून कोड आणणाऱ्या पोरांना मी अडवत नाही. फक्त रन करायच्या आधी कागदावर ड्राय रन करून, म्हणजे एकेक ओळ हाताने चालवून, आउटपुट लिहायला लावतो. ज्याने नुसतं चिकटवलंय तो तिसऱ्या ओळीपाशीच थांबतो.

दोन जणांत एक मशीन असेल तर घड्याळ लावा. दहा मिनिटांनी जागा बदलायची. नाहीतर वर्षभर एकाच्या हातात कीबोर्ड आणि दुसरा, बहुतेक वेळा दुसरी, नुसती वहीत लिहीत बसते.

८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरचं सरावाचं किट जुनाट आहे म्हणून नाक मुरडू नका. आकडे स्वतः दाबत प्रोग्राम भरताना पोरांना पहिल्यांदा कळतं की मशीनला ‘एसटीए सी०५०’ (हातातला आकडा सी०५० या पत्त्यावर ठेव) वगैरे काही समजत नाही. त्याला ३२ (एसटीएचा कोड), मग ५०, मग सी० असंच द्यावं लागतं, पत्त्याचा मागचा भाग आधी. निम्मी पोरं उलटं भरतात आणि उत्तर भलत्याच ठिकाणी शोधत बसतात. शोधू द्या. मध्येच वीज गेली की भरलेलं सगळं पुसलं जातं, मग रॅम म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

अभ्यासक्रमाबाहेर काही करायचं असेल तर एखादं अर्दुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा जोडायची पाटी), एलईडी, थोडे २२० ओहमचे रेझिस्टर एवढं पुरतं. शेतकऱ्याघरच्या एका मुलाने त्यावर मातीतली ओल मोजायचा सेन्सर जोडला, दोन दात्यांची स्वस्तातली पट्टी. घरी शेतात लावून आला. काही आठवड्यांनी पाणी देऊनही आकडे कोरड्या मातीचेच यायला लागले. कोडमध्ये चूक शोधून शोधून दमला. शेवटी पट्टी उपटून पिशवीत घालून घेऊन आला, तर एका दात्यावरचं तांबं जवळजवळ गेलेलं. मी त्याला केमिस्ट्रीच्या सरांकडे पाठवलं. ओल्या मातीत सतत ५ व्होल्ट, म्हणजे विद्युत अपघटन, विजेमुळे धातू झिजत जातो. हे त्याच्याच बारावीच्या पुस्तकात होतं आणि त्याचे मार्कही त्याने मिळवले होते.

मग त्याने नवी पट्टी आणली, तिला सतत चालू असणाऱ्या सप्लायऐवजी कोडमधून चालू-बंद करता येणाऱ्या एका डिजिटल पिनवरून वीज दिली, आणि मोजायच्या क्षणापुरतीच ती पिन चालू ठेवली. कोडमध्ये मोजून तीन ओळी वाढल्या. जुनी पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी ती बाकावरून फिरवतो आणि विचारतो, यात बिघडलंय काय, हार्डवेअर की सॉफ्टवेअर? भांडणं होतात. मी हात मागे बांधून उभा राहतो.