आडनाव वाचण्याआधी निकष लिहावेत

एखाद्या पदासाठी माणूस निवडायचा असला की निवड समिती सहसा अर्जांच्या गठ्ठ्यापासून सुरुवात करते. तो गठ्ठा न उघडता आधी कोरा कागद घ्यावा, कामासाठी लागणाऱ्या पाच-सहा बाबी लिहाव्यात, प्रत्येक बाबीला किती गुण ते ठरवावे आणि खाली सर्व सदस्यांच्या सह्या घ्याव्यात. वरवर हा निव्वळ सोपस्कार वाटतो. परंतु मानसशास्त्रज्ञ एरिक उल्मन आणि जेफ्री कोहेन यांनी २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, पोलीस प्रमुखाच्या पदासाठीचा पुरुष उमेदवार उच्चशिक्षित असला की सहभागींनी शिक्षणाला अधिक महत्त्व दिले आणि स्त्री उच्चशिक्षित असली की तेच शिक्षण त्यांना तितके आवश्यक वाटले नाही. म्हणजे निकषच उमेदवाराच्या मापाने शिवला गेला होता. उमेदवार स्त्री की पुरुष हे कळण्यापूर्वीच निकष पक्के करून घेतले, तेव्हा हा भेदभाव उरला नाही.

यानंतर समितीबाहेरच्या कोणाकडून तरी अर्जांवर क्रमांक घालून नाव, छायाचित्र आणि पत्ता झाकून घ्यावा. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी भारतातील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला; त्यात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांच्या अर्जांपेक्षा कमी प्रतिसाद मिळाला. आडनावावरून जातीचा अदमास बांधण्याची सवय आपल्याकडे किती मुरलेली आहे, हे निराळे सांगायला नको. ‘मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न ओळख वाढवण्यासाठी ठीक असला, तरी मुलाखतीत तो टाळावा.

मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि एका बाबीचे गुण लिहून झाल्याशिवाय पुढच्या बाबीकडे वळू नये. अन्यथा सफाईदार बोलण्याची छाप हिशेबातल्या अचूकतेवरही पडते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी १९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यासाठी हीच पद्धत आखली होती. सहा गुणवैशिष्ट्यांवर स्वतंत्र गुण द्यायचे, हे ऐकून मुलाखत घेणारे तरुण नाराज झाले, कारण त्यांना आपण यंत्र बनतो आहोत असे वाटले. तेव्हा कानमन यांनी शेवटी डोळे मिटून एक एकंदर गुणही द्यायला सांगितले आणि तो सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी ठरला. तेव्हा अंतःप्रेरणेला बंदी घालण्याचे कारण नाही, फक्त तिचा क्रमांक शेवटचा ठेवावा.

गुणपत्रके गोळा होईपर्यंत सदस्यांनी आपसांत चर्चा करू नये आणि चर्चेत अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे. मध्येच एखादा नवा निकष सुचला, तर तो वहीत टिपून पुढील भरतीसाठी राखून ठेवावा.