श्रावणात फुगलेल्या दाराला रंधा मारू नका

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की आमच्या परभणीकडच्या जुन्या घराचं मधलं दार आवळायला लागतं. श्रावणात तर खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. एका वर्षी वैतागून भर पावसातच रंधा मारून घेतला. मार्चमध्ये पाहतो तर फटीत बोट जातंय आणि कडी कोयंड्यापर्यंत पोचेना!

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतंही. आपल्याकडे कडक उन्हाळ्यात लाकडात साधारण 6-7 टक्के पाणी उरतं, पावसाळ्यात ते 14-15 पर्यंत चढतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, फुगतं ते रुंदीत. 900 मिमी रुंदीचं सागवानी फळ्यांचं दार, फळ्या कशा चिरल्यात त्यानुसार, 5 ते 10 मिमी वाढू शकतं. पॅनेलच्या दारात रुंदीतलं बहुतेक फुगणं दोन उभ्या पट्ट्यांचं असतं, मधलं पॅनेल त्यांच्या खाचेत मोकळं सरकतं, म्हणून ते 2-3 मिमीवर निभावतं. त्या पॅनेलला खिळा किंवा फेविकॉल लावलात, तर उन्हाळ्यात ते मधोमध तडकणार.

आधी बिजागरी बघा. वरचे स्क्रू ढिले असतील तर दार लोंबतं आणि दोष पावसाला जातो. भोकात फेविकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोका, वाळू द्या, मग स्क्रू आवळा.

तरी अडकत असेल तर दाराच्या कडेला खडू घासून दार लावा. चौकटीवर खडू उमटेल ती जागा पेन्सिलीने खुणावून ठेवा. तूर्तास तिथे मेणबत्ती घासा. जोर लावून आपटू नका: कोंडलेलं लाकूड फुगलं की तंतू चेपतात आणि वाळल्यावर ते पहिल्यापेक्षाही बारीक होतं. कुऱ्हाडीचा दांडा पाण्यात भिजवून घट्ट करणाऱ्यांना हे माहीत आहे. चार दिवस बसतो, मग आधीपेक्षा जास्त हलतो. त्यापेक्षा पाचर मारलेली बरी.

रंध्याचं काम दिवाळीनंतर. खुणेच्या जागी फट मोजा. फळ्यांच्या दाराला तेव्हा 5-6 मिमी तरी मोकळी जागा हवी, पॅनेलच्या दाराला 3 पुरते. कमी असेल तेवढंच तासा. वरची-खालची कड तासायची असेल तर रंधा टोकाकडून मध्याकडे चालवा, नाहीतर कोपरा उचकटतो.

शेवटी दार उतरवा. हा कंटाळा बहुतेक जण करतात, पण खालची कड रंगवायला दुसरा मार्ग नाही. तिथे पट्ट्यांची टोकं उघडी असतात आणि बाकीच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने ओल शोषतात. वरची, खालची आणि तासलेली कड, तिन्हींना प्रायमर आणि दोन हात रंग द्या. याने फुगणं थांबत नाही, पण एका दमात होत नाही.

कूलरच्या खोलीचं दार मात्र मेमध्येच आवळतं. तिथे रंध्याआधी दोन-तीन आठवडे कूलर बंद ठेवून बघा.