कॉलेजात इतिहास घेतलाय आणि आपण ख्रिस्ती आहोत, मग अभ्यास करायचा कसा

इतिहास घेतला की पहिल्याच सेमिस्टरला दोन टोकाचे सल्ले कानावर येतात. चर्चच्या मंडळीतलं कोणीतरी म्हणतं सांभाळून हं, तिकडे भल्याभल्यांचा विश्वास डळमळतो, आणि डिपार्टमेंटमधलं कोणीतरी म्हणतं तुमचा देवधर्म वर्गाबाहेर ठेवून या. मला दोन्ही फारसे पटत नाहीत. ख्रिस्ती दृष्टीने इतिहास शिकायचा म्हणजे प्रत्येक उत्तराच्या शेवटी "अशी देवाची योजना होती" असं चिकटवायचं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं केलंत तर मार्क जातील, आणि जायलाच हवेत. खरा फरक पडतो तो आपण प्रश्न कोणते विचारतो त्यात, आणि जी माणसं मेलीत, जी आता उठून स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत, त्यांच्याबद्दल आपण किती खरं बोलतो त्यात. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा हजार वर्षांपूर्वी मेलेल्या शेजाऱ्यालाही लागू आहे असं धरून चाला, बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

आधी देवाच्या योजनेचंच बघू, कारण घोळ तिथेच होतो. देव इतिहास चालवतो हा आपला विश्वास आहे, मान्य, पण अमुक लढाईत अमुक राजा देवाच्या इच्छेने जिंकला हे आपल्याला कुठून कळलं? शिलोहातला बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा ती जास्त पापी होती म्हणून मेली का, यावर प्रभूने सरळ नाही म्हटलंय (लूक १३). म्हणजे घटना बघून देवाचा निकाल वाचायची घाई करायची नाही. ४१० साली अलारिकच्या गॉथ लोकांनी रोम लुटलं तेव्हा जुन्या देवांना मानणारे म्हणाले की ख्रिस्ती झालात म्हणून हे भोगताय, आणि ज्या ख्रिस्ती लोकांनी रोमचं साम्राज्य म्हणजेच देवाचं काम असं मनाशी धरलं होतं त्यांची तर बोलतीच बंद झाली असणार. ऑगस्टीन या उत्तर आफ्रिकेतल्या बिशपने मग पुढची बारा-तेरा वर्षं खपून मोठा ग्रंथ लिहिला, त्याचं म्हणणं असं की देवाचं नगर कुठल्याच राज्याच्या नशिबाला बांधलेलं नाही. पेपर लिहिताना हे डोक्यात ठेवा. कारणं शोधायची ती माणसांची, पैशाची, रोगराईची, हवामानाची, सत्तेची, आणि ती शोधताना आपण देवाला नाकारतोय असं अजिबात वाटून घ्यायचं नाही.

आता मूळ कागद कसा वाचायचा ते. साधारण ११२ साली प्लिनी नावाचा रोमन सुभेदार सम्राट त्राजानला पत्र लिहितो, प्रांत बिथुनिया आणि पंत (आजच्या उत्तर तुर्कस्तानात), म्हणजे पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत जी नावं येतात तोच भाग. पत्र छोटं आहे, कुठेही मिळतं, आधी ते वाचा आणि मग त्याच्यावर लिहिलेलं वाचा, उलटं नको. प्लिनी म्हणतो, मी त्यांना तीनदा विचारतो ख्रिस्ती आहेस का, तीनदा हो म्हणाले की मारायला पाठवतो. नाही म्हणणाऱ्यांना सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायला लावतो, ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावतो. शिवाय हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, हेही त्याच्याच पत्रातून कळतं. आपल्यापैकी बहुतेक जण इथेच थांबतात, बघा बघा बाहेरचा पुरावा मिळाला म्हणून, आणि त्या एका ओळीचा फोटो ग्रुपवर टाकतात. पण थांबू नका. पत्र कोण लिहितोय? वरिष्ठांना खूश ठेवणारा अधिकारी. कशासाठी? आपलं काम बरोबर चाललंय ना हे विचारायला. शेवटी तो सांगतो की ओस पडलेली देवळं परत भरायला लागलीत आणि बळीच्या मांसाला परत गिऱ्हाईक मिळतंय, म्हणजे प्रकरणात बाजाराचाही हात होता का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि मधेच एका वाक्यात येतं की खरं काय ते काढायला त्याने दोन गुलाम बायकांचे हाल केले, ज्यांच्याकडे त्या मंडळीत काहीतरी सेवेचं काम होतं. नावं नाहीत. सुभेदाराला ती लिहायची गरजच वाटली नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे असं जो खरंच मानतो त्याने या दोघींपाशी थांबायला हवं. गुलाम बाई मंडळीत जबाबदारीच्या जागी कशी, बाकीच्या विश्वासणाऱ्यांत तिचा मान काय असेल, यावर आख्खा पेपर होतो. ख्रिस्ती दृष्टी म्हणजे मला तरी हीच वाटते, निष्कर्ष आधीच खिशात घेऊन जाणं नाही.

चमत्काराचा उल्लेख आला की लिहायचं कसं, हा नेहमीचा प्रश्न. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं उदाहरण घ्या, ३१२ सालची मिल्वियन पुलाची लढाई. लॅक्टँशियस हा त्याच काळातला ख्रिस्ती लेखक काही वर्षांतच लिहितो की स्वप्नात हुकूम झाला, ढालींवर खूण काढा. युसेबियस हा बिशप चर्चच्या आपल्या आधीच्या इतिहासात याच लढाईबद्दल लिहितो पण दर्शनाचं नाव काढत नाही, आणि सम्राट वारल्यावर जे चरित्र लिहितो त्यात भरदिवसा आकाशात प्रकाशाचा क्रूस दिसतो, वर हेही की सम्राटाने मला स्वतः शपथेवर सांगितलं. रोममधल्या ३१५ च्या विजयकमानीवर फक्त दैवी प्रेरणेने असं कोरलंय, कुठल्या देवाच्या ते नाही. तर उत्तरपत्रिकेत "त्याला क्रूस दिसला" असंही लिहू नका आणि "त्याने थाप मारली" असंही नको, दोन्हीला पुरावा नाही. कोणी, कधी, कोणाच्या तोंडून सांगितलं आणि दरवेळी काय बदललं ते लिहा. लूकसुद्धा सुरुवातीला हेच सांगतो की ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेलं मुळापासून तपासून लिहितोय.

सगळ्यात अवघड भाग आपल्याच लोकांच्या पापांचा. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेला ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स सगळ्यांना पाठ असतो, १८०७ ला ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला वगैरे, पण बार्बाडोसमध्ये कॉड्रिंग्टनचे ऊसमळे अँग्लिकन मिशनरी सोसायटीच्याच मालकीचे होते आणि एका काळात तिथल्या गुलामांच्या छातीवर सोसायटीचं नाव तापल्या लोखंडाने डागलेलं असायचं, हे किती जणांना माहितीय? सुवार्ता पसरवायला काढलेली सोसायटी होती ती. हे वाचून बचाव करायची घाई होते, ते खरे ख्रिस्ती नव्हतेच असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. होऊ नका. पवित्र शास्त्रात दावीदाचा व्यभिचार आणि उरीयाचा खून झाकलेला नाही, मग आपण कशाला झाकायचं. आणि उलट बाजूचं सोपं उत्तरही नको. लास कासास हा स्पॅनिश धर्मगुरू अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी आयुष्यभर भांडला, १५५० मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदला, त्या लोकांना जिंकणं योग्यच म्हणणाऱ्या सेपुल्वेदाशी त्याचा वाद झाला तो प्रसिद्ध आहे, पण त्यानेच आधी कधीतरी आफ्रिकन गुलाम आणा असं सुचवलं होतं, पुढे त्याला त्याचा पस्तावा झाला. एकाच माणसाबद्दल या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही लिहा.

फॉरवर्डचं थोडक्यात सांगतो. डार्विनने मरताना पश्चात्ताप केला ही गोष्ट १९१५ मध्ये छापून आली, १९२२ मध्ये त्याच्या मुलीने असं काही घडलंच नाही म्हणून सांगितलं, तरी अजून फिरतेय. आणि मध्ययुगातल्या चर्चला पृथ्वी सपाट वाटायची हे तिकडच्या बाजूचं फॉरवर्ड, बीड हा इंग्लंडमधला मठवासी आठव्या शतकात पृथ्वी गोल म्हणून लिहितोय. दोन्ही सारख्याच कडकपणे तपासा.

सिलॅबसमध्ये चर्चचा इतिहास बहुतेक युरोपपुरताच असतो, तो स्वतःहून रुंद करायला लागतो. अक्सूमचा (आजच्या इथिओपियातलं जुनं राज्य) राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. चीनमध्ये सीआनला ७८१ सालचा शिलालेख आहे, त्यात ६३५ मध्ये आलोपेन नावाचा धर्मगुरू तिथे आला असं कोरलंय. ट्युटोरियलला विषय निवडायची मुभा असेल तर यातलं काहीतरी उचला, सगळे ल्यूथर घेतात.

सरांशी वाद घालावासा वाटला तर आधी त्यांनी दिलेलं वाचन पुरतं करा, त्यांचं म्हणणं त्यांनाही पटेल अशा शब्दांत मांडून दाखवा आणि मगच बोला. विश्वासाला हादरा बसला तर एकटं कुढत बसू नका, इतिहास वाचलेला एखादा पाळक किंवा सिनियर शोधा, असतात. "प्रश्न विचारू नको" म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

प्रोजेक्टला विषय सुचत नसेल तर जुन्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं आणि लग्नाचं रजिस्टर बघा. कॅथलिक चर्चमध्ये ही रजिस्टरं ठेवायचा नियम ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये केला, इंग्लंडमध्ये तर १५३८ पासूनच हुकूम होता. आईबापांचे धंदे, साक्षीदार कोण, सही की अंगठा, दफनाचंही रजिस्टर असेल तर एखाद्या वर्षी अचानक वाढलेली मरणं, सगळं त्यात मिळू शकतं. परवानगी लेखी घ्या, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा, प्रत्येक फोटोबरोबर पान नंबर टिपा, आणि ज्या नोंदींतली माणसं अजून हयात असू शकतात त्या नोंदी नावानिशी छापू नका.