नाव जुळलं म्हणजे नातं जुळलं का? इंग्लंडमधल्या जुन्या नोंदी वाचताना

पूर्वज जॉन. बाप्तिस्मा साधारण १७२० चा. पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, नोंदवही उघडली की त्याच आडनावाचे तीन जॉन समोर येतात, तिघांचे बाप्तिस्मे पाच वर्षांच्या अंतरात झालेले. बरेच जण इथं सोयीचा जॉन उचलतात आणि तिथून वरची सगळी वंशावळ परक्या घराची होते.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा.

पहिलं काम: एकट्या जॉनच्या मागे लागू नका. त्या आडनावाच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा सगळ्या नोंदी उतरवून घ्या, शेजारच्या पॅरिशमधल्याही. मग आधी दफनं तपासा. दोन महिन्यांचं गेलेलं बाळ पंचविसाव्या वर्षी बोहल्यावर चढत नाही. एवढ्यानंच कधीकधी तीनातला एक जॉन गळतो.

तारखा वाचताना सावध राहा. १७५२ पूर्वी तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे नोंदवहीतला फेब्रुवारी १७२० हा आपल्या हिशेबानं १७२१ चा. तो १७२०/२१ असा लिहावा, नाहीतर मे १७२० मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचं मूल लग्नाआधीचं वाटतं. पान फाटलेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल शोधा. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीत सह्या आणि साक्षीदार असतात. साक्षीदारांची नावं जरूर टिपा, अनेकदा ती घरचीच माणसं निघतात.

एवढं करूनही दोन जॉन उरले, तर मृत्युपत्रांकडे वळा. नोंदवही नुसती नावं देते, मृत्युपत्र त्यांच्यातलं नातं सांगतं. जानेवारी १८५८ पर्यंत मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. त्यांतल्या कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयाची मृत्युपत्रं आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या घराण्यांचं मात्र दुर्दैव: तिथल्या एक्सेटर शहरात ठेवलेली बहुतेक मृत्युपत्रं १९४२ च्या बाँबहल्ल्यात जळाली.

माझं आग्रहाचं सांगणं, बापाच्या मृत्युपत्रावर थांबू नका. थोरल्याला जमीन आधीच मिळालेली असली, तर त्याचं नाव तिथं नसेलही, किंवा नावापुरत्या एका शिलिंगवर (जुनं छोटं नाणं) भागवलेलं असेल. त्याचा अर्थ भांडण असा लगेच काढू नये. खरा खजिना असतो विधवांच्या आणि अविवाहित आत्यांच्या मृत्युपत्रांत. स्वतःचं मूल नसलेली आत्या भावंडांच्या मुलांना नावानिशी वाटून देते: अमक्या गावच्या लोहार जॉनला पाच पौंड, त्याच्या मुलीला चादरी. धंदा आणि गाव कळलं की दोन जॉन वेगळे होतात. शिवाय मृत्युपत्र लिहिलं त्या दिवशी तो जिवंत होता असं तिनं धरलेलं दिसतं, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी पुरलेला जॉन बहुधा तो नव्हे.

नात्याचे शब्द मात्र जपून वाचा. आपण पुतण्या आणि भाचा वेगळे म्हणतो, इंग्रजीत दोघांना एकच ‘नेफ्यू’. जुना ‘कझिन’ कधी पुतण्याही असतो आणि ‘सन-इन-लॉ’ कधी जावई, तर कधी सावत्र मुलगा.

प्रत्येक दुव्यापुढे ‘पक्का’ की ‘संभाव्य’ हे कारणासकट लिहा. दोन जॉन तरीही सुटे होत नसतील, तर दोघांना पेन्सिलीनं मांडून ठेवा आणि त्यांच्या भावंडांची मृत्युपत्रं काढा.